निवळशंख पाणी

"पाणी इतकं निवळशंख, मग मासे मरतात कशानं?"

देवस्थळी सरांनी हातातली पिशवी कासमचाचांपुढे धरली. आत एक गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. चौदांतला हा शेवटचा.

कासमचाचा मिरजेत चाळीस वर्षं मासे वाढवत आले होते. सरांनी तितकीच वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं. कुणाला काही विचारायची त्यांना सवय नव्हती.

"टाकी कोण धुतं?"

"मी. दर रविवारी. सगळं पाणी उपसतो, वाळू उकळत्या पाण्यात टाकतो, फिल्टरचा स्पंज साबणानं घासतो. कणभर घाण राहू देत नाही."

"आधीपासून तुम्हीच?"

सर थांबले.

"आधी निनाद बघायचा. माझा मुलगा. मार्चमध्ये गेला…"

चाचांनी पिशवी आपल्या हातात घेतली.

"तो स्पंज कधी साबणानं धूत नसे. टाकीतल्याच पाण्यात नुसता पिळायचा. मी चिडायचो. म्हणायचो, तुझ्यासारखाच गबाळा कारभार."

"तेव्हा मासे मरायचे?"

"…नाही."

चाचांनी पिशवीतला मासा अलगद आपल्या टाकीत सोडला. हिरवट काचा, तळाशी गाळ. मासा दोनदा वळला आणि सरांच्या डोळ्यांदेखत कलंडला.



मग चाचांनी आपल्या फिल्टरमधून एक स्पंज काढला. तपकिरी, बुळबुळीत. तो त्यांनी सरांच्या तळहातावर ठेवला. सरांनी हात झटकायला घेतला, तशी चाचांनी वरून त्यांची मूठ मिटली.

"हे काय?"

"माशांची घाण पाण्यात विष होते, सर. ते विष खाणारे जंतू यात राहतात. तुम्ही दर रविवारी त्यांना मारत होता."

सरांच्या बोटांमधून काळपट पाणी मनगटावर ओघळलं. ते विष म्हणजे अमोनिया; त्याचं समीकरण त्यांनी हजारदा फळ्यावर लिहिलं होतं.

"म्हणजे त्याचे मासे मीच…"



"हा स्पंज तुमच्या फिल्टरमध्ये घाला. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून, त्यातलं क्लोरीन उडालं की मगच भरा. आणि रोज माशांच्या खाद्याचे चिमूटभर दाणे टाका."

"दाणे? टाकीत मासा कुठं उरलाय?"

"म्हणूनच. दाणे कुजतील. त्यावर जंतू जगतील, वाढतील. महिना लागेल, दोन लागतील. तोवर मासा आणू नका."



"रिकाम्या टाकीसमोर दोन महिने मी बघत काय बसू, चाचा?"

चाचांनी मेलेला मासा ओंजळीत उचलला.

"वाट."