मिरचीच्या देठांचं दही

एका राज्यात दूध उदंड होतं, पण दही काही केल्या लागत नसे. गाई भरल्या कासेनं दूध द्यायच्या, घरोघरी दूध तापायचं, निवायचं, त्यात विरजण पडायचं. आणि सकाळी झाकण काढावं तर आत दूधच. ताक कशाला म्हणतात, हे त्या राज्यातल्या नव्या सुनांना ठाऊकच नव्हतं.

तर हे झालं राजकन्या रेणुमतीपायी. राजा शतधन्वाची ही एकुलती लेक. गुणाची पोर, पण दिसलं झाकण की उचललं, असा स्वभाव. पेटी म्हणू नका, करंडा म्हणू नका, आत काय आहे ते पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एकदा राजा शिकारीला निघाला, तशी तीही संगं गेली. रानात गुहा होती, गुहेत काळं मडकं, मडक्यावर झाकण. रेणुमतीनं झाकण उचललं. आतलं नीट दिसेना, म्हणून मडकं हलवून पाहिलं. ते होतं जांभळी नावाच्या चेटकिणीचं मडकं. चांदण्याचं दूध विरजून ठेवलेलं, अगदी लागत आलेलं. हललं मात्र, ते मोडलं आणि त्याचं पाणी झालं.

जांभळी बाहेर आली. ओरडली नाही, हळूच म्हणाली, "लागतं दही हलवू नये, एवढं घरी कुणी शिकवलं नाही तुला? माझं मोडलंस. आता तुझ्या राज्यात दही लागणार नाही. बाहेरून विरजण आणाल, तर वेशीवर त्याचं पाणी होईल. आणि तूही टिकणार नाहीस. दुधासारखी पातळ होत होत एक दिवस वाहून जाशील."

राजानं हात जोडून उःशाप मागितला.

"हिनं आपल्या हातानं दही लावावं," चेटकीण म्हणाली. "मडकं उपडं केलं तरी थेंब सांडता कामा नये. त्या दिवशी शाप सुटेल."

राजानं चारी दिशांना घोडेस्वार धाडले. कुणी चांदीच्या वाटीत विरजण आणलं, कुणी उंटावर रांजण लादून आणलं. वेस ओलांडली की सगळ्याचं पाणी. इकडे रेणुमती पातळ होत चालली. तिच्या तळहातातून समईची ज्योत दिसू लागली. राणी मेघावती लेकीची वेणी घालायला बसे, तर फणी केसांतून आरपार जाई. पुढं राणीनं लेकीला जवळ घ्यायचंच सोडून दिलं. घेतलं की हाताला ओल लागायची, आणि तेवढी लेक कमी व्हायची.

महालात एक राघू होता, माणसासारखं बोलणारा, तोंडाचा फटकळ. दिवसभर हिरव्या मिरच्या खायचा आणि देठं पिंजऱ्याखाली टाकायचा. एका सकाळी रेणुमती तिथं बसली होती. अंगात बळ नव्हतं, पण स्वभाव जातो कुठं? तिनं विचारलं, "एवढी तिखट मिरची खातोस, मग देठच तेवढं का टाकतोस?"

"देठात विरजण असतं. ते आम्हां राघूंना सोसत नाही."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"घोडेस्वार धाडले, तेव्हा माझ्या पिंजऱ्याकडं कुणी वळून तरी पाहिलं का?"

रेणुमतीनं देठं वेचली, धुतली, चूल पेटवली. पहिल्या खेपेला घाई नडली. दूध कढत असतानाच देठं टाकली, दूध फाटून चोथापाणी झालं. राघू म्हणाला की राजकन्ये, देठं शिजवायची नव्हती. दुसऱ्या खेपेला तिनं करंगळी बुडवून पाहिली. सोसवेल इतकं कोमट झालं, तेव्हा देठं सोडली. पण करंगळी बाहेर काढली, तर नखाचं टोक दुधातच राहिलं. राणी पुढं धावली, मी बघते म्हणाली. रेणुमतीनं मान हलवली. आपल्या हातानं लावायचं होतं ना.

दिवेलागणीला वाटीत काहीतरी दाटलेलं होतं. पण सैल, तार सुटणारं, मिरचीचा वास मारणारं. उपडं केलं, तर अर्धं खाली आलं. राणीनं डोळ्यांना पदर लावला.

"रडता कशाला?" राघू म्हणाला. "हे दही नव्हे, हे विरजण. इथंच जन्मलं, याला वेस ओलांडायला नको."

तिसऱ्या खेपेला राजकन्येनं घाई केली नाही. दूध मंद आचेवर आटवलं, येईल ती साय त्यातच मोडत राहिली. मग या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतलं, फेस येईतो. करंगळी बुडवली, या वेळी अख्खं पेर गेलं. तिनं चमचाभर विरजण घोटून त्यात मिसळलं, नव्याकोऱ्या मातीच्या मडक्यात ओतलं, झाकण घातलं, घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं आणि पुढ्यात बसून राहिली.

दिवस वर आला, तसं मडकं बोलू लागलं. "राजकन्ये, समुद्र खारट का, ते माझ्या आत दिसतं. उचल झाकण."

रेणुमतीनं दोन्ही हात पदरात गुंडाळले.

"मेलेले राजे कुठं जातात, तेही दिसतं. नुसतं बोटभर उचल."

रेणुमतीचा हात घोंगडीपर्यंत गेला. राणी दारातून बघत होती. हात तिथंच थांबला, आणि रेणुमती म्हणाली, "तुझा आवाज झाकणाआडून येतोच आहे. तसंच सांग, मी ऐकते."

ते गप्प झालं. ते गप्प झालं, तेव्हा कुठं आतलं दूध स्थिरावलं.

दिवेलागणीला तिनं झाकण काढलं आणि आईच्या ओंजळीवर मडकं उपडं धरलं. राणीनं डोळे मिटले होते. बराच वेळ झाला, ओंजळ कोरडीच राहिली. त्याच कोरड्या हातांनी राणीनं लेकीचं मनगट चाचपलं. मनगट हाताला लागलं, करंगळीसकट सगळी बोटं लागली.

त्या रात्री त्या मडक्यातलं विरजण गावोगाव गेलं, आणि सकाळी घराघरांतून ताक घुसळल्याचा आवाज आला. त्या आवाजामागोमाग जांभळी चेटकीण राजवाड्याच्या दारात आली, हातात रिकामी वाटी घेऊन. म्हणाली, "माझ्या मडक्याला विरजण पाहिजे."

रेणुमतीनं वाटी भरून दिली. देता देता विचारलं, "चांदण्याचं दूध काढतात तरी कसं?"

चेटकीण पहिल्यांदा हसली. "चल, दाखवते."

राणीनं लेकीचं मनगट घट्ट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग सोडलं.