डॉक्टरांनी धरलेला चेंडू

एका गावात एक भोळा राहत होता. पण शिकलेला, म्हणून लोक त्याला भोळा म्हणत नसत, डॉक्टर म्हणत. डॉक्टर त्रिविक्रम उचगावकर.

त्याच्या सरांनी त्याला परदेशी धाडलं. बजावलं, "फुटबॉलनं अख्खं गाव एक कसं होतं, ते डोळ्यांनी बघ. बघितल्याशिवाय परत येऊ नकोस."

"बरं," डॉक्टर म्हणाला.

तिकडं डोंगरातल्या एका गावात रोझा नावाच्या म्हातारीकडं तो उतरला. तो तिला काकू म्हणे. काकूंचा जीव एका करंडकात अडकलेला. करंडक होता शेजारच्या गावाकडं, आणि अंतिम सामना बरोबरीत सुटला तरी तिथंच राहणार होता. "डोळे मिटायच्या आत एकदा आपल्या गावात बघायचाय हो," काकू म्हणायच्या.

पहिल्याच दिवशी, सराव चालू असताना, चेंडू डॉक्टरकडं आला. त्यानं तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि अदबीनं प्रशिक्षक ब्रूनोला नेऊन दिला. ब्रूनो खेकसला, "हात लावायचा नाही! अंगावर काही आलं की डोक्यानं मारायचं!"

"बरं."

संध्याकाळी काकूंनी माळ्यावरून भोपळा सोडला. "डॉक्टर, झेला!"

डॉक्टरनं डोक्यानं मारला. भोपळ्याच्या चिंधड्या झाल्या, कपाळाला टेंगूळ आलं.

"अहो शहाणे, पडणारी वस्तू दोन्ही हातांनी धरायची! पोटाशी घ्यायची!"

"बरं."

रविवारी सामना होता. समोरचा एक गडी धाडकन पडायला निघाला. डॉक्टर मैदानात धावला, त्याला दोन्ही हातांनी धरलं, पोटाशी घेतलं. गडी बिचारा लाजला. ब्रूनोनं कपाळ बडवून घेतलं. "अरे बाबा, पडणाऱ्याला धरायचं नसतं! 'नाटक करतोय' म्हणून बोंबलायचं!"

"बरं."

सोमवारी काकू जिन्यावरून घसरल्या. डॉक्टर खाली उभा राहून बोंबलला, "काकू नाटक करताहेत! नाटक करताहेत!"

गल्ली गोळा झाली. पाय बांधून घेताना काकू रडकुंडीला आल्या. "मेल्या, माणूस एकटं अडचणीत दिसलं की आधी धावून जावं! आपला-परका बघू नये!"

"बरं." या खेपेला डॉक्टरला खरंच वाईट वाटलं. आता चुकायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

अंतिम सामन्याला ब्रूनोनं त्याला मुद्दाम लांब, समोरच्यांच्या गोलामागं बसवलं. म्हटलं, तिथं काय करणार?

शेवटचं मिनिट. बरोबरी. गावच्या पोरानं चेंडू उंच मारला. समोरचा गोलरक्षक पाय घसरून आडवा, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळ्याकडं. काकू कुबडीवर उठून उभ्या राहिल्या. घास हातातोंडाशी आला होता.

डॉक्टरनं बघितलं. माणूस एकटा. अडचणीत. वरून वस्तू पडतेय.

तो धावला. दोन्ही हातांनी धरला. पोटाशी घेतला.

"काकू, पडू दिला नाही!"

पंचांनी गोल दिला नाही. सामना बरोबरीत सुटला. करंडक जिथं होता तिथंच राहिला.

जरा वेळानं सरांचा फोन आला.

"सर, बघितलं! भांडणंबिंडणं विसरून अख्खं गाव एक झालंय!"

"वा! पण धापा का टाकतोयस? कुठंय गाव?"

"माझ्यामागं, सर. सगळ्यांत पुढं काकू आहेत, कुबडी उगारून. आता परत येऊ का?"