टिटवीची हाक

ढग अजून चालायला शिकत होते, तेव्हाची गोष्ट. करकोच्यांचा थवा डोंगररांगांमधल्या दरीवरून निघाला होता. राखणीला सोबत टिटवी होती. काळा ढग दिसला, की ती ओरडायची, "डोंगर! डोंगर!"

थव्याच्या पुढे उडणारी मावशी दर वेळी पंख स्थिर ठेवून खाली नदीची चमक शोधायची. मग म्हणायची, "दरीवरच आहोत. चला."

शेवटचा करकोचा वैतागला. "मावशी, हिची चोच बांधून टाक!"

"ओरडणं तिचं काम. बघणं माझं."

टिटवी पुन्हा ओरडली. सगळ्यांनी जांभया दिल्या. मावशीने खाली पाहिलं. नदी नव्हती. मावशी अलगद वळली, मागे थवा वळला, आणि शेवटच्या करकोच्याच्या पंखाला गार कातळ चाटून गेला.

तो हळूच टिटवीजवळ सरकला. "ताई, घसा बसला नाही ना गं?"