आषाढातलं माप

हे कुणाला सांगायचं नाही, असं हेमराजमामानं मला बजावलं होतं. मी मान हलवली होती, तोंडानं हो म्हटलं नव्हतं.

“...अन् आषाढात, बुवा? आषाढात केवढा लावायचा?” मामानं विचारलं.

डोमाजीबुवा तलावाच्या पाळीवर बसून लाकूड तासत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा मासा कोरायचा, त्याच्या पोटात गळ बसवायचा आणि मरळीला फसवायचं, ही बुवांची विद्या. मरळ म्हणजे तलावातली वाघीण. गवतात दबा धरून बसते आणि हलणाऱ्यावर झडप घालते. पण लाकडी मासा मापाचा नसला, तर बघतसुद्धा नाही.

बुवांची सुरी त्यांच्या गुरूनं दिलेली होती. घासून घासून तिचं पातं गवतासारखं अरुंद झालं होतं. ती ज्याच्या हाती जाईल त्यानंच पुढे मासे कोरायचे, अशी त्या तलावाची रीत. मामाला ती सुरी हवी होती. लग्नाची बोलणीसुद्धा त्यानं तिच्यासाठी पुढे ढकलली होती.

“पोळ्याले केवढा?” बुवांनी उलट विचारलं.

“करंगळीएवढा.”

“काऊन?”

“तलावातली पिल्लं तेव्हा तेवढीच असतात. ती जे खाते तेच दाखवायचं.”

“दिवाळीले?”

“मधल्या बोटाएवढा. पिल्लं वाढलेली असतात.”

“थंडीत?”

“तळहाताएवढा. अन् हळू ओढायचा. थंडीत ती एकदाच उठते. उठली तर पोट भरलं पाहिजे तिचं.”

“उन्हाळ्यात?”

“पुन्हा लहान. पाणी उथळ. मोठा आपटला की बुजते.”

“बरोबर.”

“अन् आषाढात?”

बुवांनी सुरीवरचा भुसा फुंकला.

“आषाढात घरी बसायचं.”

“हे काय माप झालं, बुवा?”

बुवा पुन्हा तासायला लागले.

पानठेल्यावर लोक मामाला चिडवायचे. “हेमराज, म्हाताऱ्यानं एक महिना खिशात ठेवला रे! तो काढल्याशिवाय सुरी कशी देईल तुले?”

मामा हसायचा. पण ते त्याच्या मनाला लागायचं.

त्या आषाढात तो एकटाच तलावावर गेला.

पाणी भाताच्या बांध्यांपर्यंत चढलं होतं. बुडालेल्या गवतात एका ठिकाणी पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. जवळ गेला तर लाल पिल्लांचा घोळका. बोटाच्या पेराहून लहान, शेकड्यांनी. श्वास घ्यायला वर येत होती, पुन्हा खाली जात होती.

त्यानं करंगळीएवढा मासा त्या घोळक्यात टाकला. पाणी फुटलं. मरळ.

मग मुद्दाम तळहाताएवढा टाकला. पाणी पुन्हा फुटलं. दुसरी, पहिलीच्या जोडीची.

दोन्ही मरळी त्यानं बांबूच्या कामटीत ओवल्या आणि बुवांच्या पुढ्यात टाकल्या.

“बुवा, तुमचा महिना सापडला! आषाढात माप लागतच नाई. लहान टाका, मोठा टाका, धरतेच. चिंधी टाकली असती तरी धरली असती!”

बुवांनी सुरी खाली ठेवली.

“आता तरी द्या ना बुवा. कायचं राहिलं शिकायचं?”

बुवांनी एक मरळ उचलली. तिच्या पोटावरून अंगठा फिरवला.

“पोट रिकामं हाय.”

“मग? भुकेली होती.”

“भुकेलीनं गिळलं असतं.” बुवांनी तिचा जबडा मामाकडे वळवला. “गळ कुठं लागला, पाह्य.”

मामानं वाकून पाहिलं. गळ तोंडाच्या आत नव्हताच. ओठाच्या बाहेरून लागला होता.

“दुसरीचा?”

दुसरीचाही बाहेरूनच होता.

मामाच्या ध्यानात आलं. धडक दिली होती त्यांनी, घास घेतला नव्हता. ती लाल पिल्लं त्यांचीच होती.

“जागा दाखव,” बुवा म्हणाले.

गवतातलं पाणी आता उकळत नव्हतं. घोळका फुटला होता. चार पिल्लं इकडे, दहा तिकडे. बांधावरच्या खुंटावर एक खंड्या बसला होता. तो सुळकन खाली आला, वर गेला, पुन्हा आला. त्याला घाई नव्हती.

“हात घाल पाण्यात,” बुवा म्हणाले.

“कायले?”

“घाल. पालथा. हलवू नको.”

मामा गुडघाभर पाण्यात वाकला. त्यानं हात घातला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक पिल्लू त्याच्या तळव्याखाली येऊन थांबलं. मग दुसरं. मग गवतातून, बांधाजवळून, सगळीकडून ती येत राहिली. त्याचा तळवा गुदगुल्यांनी भरून गेला.

मामा लहान पोरासारखा हसला. “बुवा, आली! सगळी आली!”

बुवा खंड्याकडे पाहत होते.

मामाचं बोट जरा हललं. कडेची दोन पिल्लं बाहेर सरकली. खंड्या आला आणि गेला. त्या दोनातलं आता एकच उरलं होतं.

मामानं बोटं घट्ट जुळवली. हसणं थांबलं.

“बुवा, हे मोठे कधी होतात?”

“पोळ्यापर्यंत.”

पाऊस भुरभुरत होता. मामाची पाठ भरून आली. हात बधिर व्हायला लागला.

“चुकलो, बुवा.”

“चुकला कुठं? मापं तर सगळी पाठ हायेत तुले.”

“असं नका बोलू. काय करू ते सांगा.”

बुवा काठावर आले. त्यांनी सुरी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि बांधावरच्या दगडावर ठेवली. मामानं नकळत दुसरा हात लांब केला. वीतभर कमी पडला.

बुवांनी दोन्ही मरळी उचलून खांद्यावर टाकल्या आणि पाळीकडे चालायला लागले.

“बुवा! सुरी...”

ते थांबले. मागे वळले नाहीत.

“तुझीच हाय, हेमराज. हात काढला की घेऊन जा.”