मधल्या रेतीवरचं भांडण

“रेती माझी,” इकडचा राजा म्हणाला.

“हो का? मग उचलून न्या घरी,” पलीकडचा म्हणाला.

तर एकदा काय झालं, दोन राज्यांच्या मध्ये होता एक उथळ समुद्र. ओहोटी लागली की जेमतेम घोटाभर पाणी, आणि मधोमध रेतीचा पट्टा उघडा पडायचा. यंदा इथं, पुढच्या वर्षी तिथं. रेतीच ती, एका जागी कशाला बसेल? त्याच रेतीवर हे दोघं सकाळपासून भांडत होते, बरं का.

इकडच्या काठावर राहायची बायजा, शिंपले वेचून पोट भरणारी. तिची लेक आवडी पलीकडं दिलेली. वर्षातून एकदा, मोठ्या ओहोटीला, दोघी दोन्हीकडून चालत मधल्या रेतीवर यायच्या. बायजा लेकीची वेणी घालायची, नारळाची वडी भरवायची. पाणी फिरलं की दोघी परत. आवडीचं माहेर तेवढंच.

मग राजांना हद्द हवी झाली. पहिल्या वर्षी बांबू रोवले, ते वाहून गेले. दुसऱ्या वर्षी दगड टाकले, ते रेतीनं गिळले. तिसऱ्या वर्षी काठांवर शिपाई बसवले. मग आवडी येईना. बायजा काठावरून बघायची. पलीकडं एक पिवळा ठिपका दिसायचा. ते लेकीचं लुगडं. हाक काही पोचायची नाही. वडी तशीच घरी परत.

चौथ्या वर्षी राजे स्वतःच रेतीवर आले. इकडच्याला वाट दाखवायला बायजा, पदरात वडी बांधून. पलीकडचा आला नव्या बांबूंच्या खुणेनं. दोघं भांडत राहिले आणि भरती लागली. पाणी घोट्याला आलं, मग पोटरीला, मग गुडघ्याला. बांबू निघाले वाहत.

“बायजा, वाट कुठाय गं?” इकडचा म्हणाला.

“आजीबाई, मलाही दाखवा की,” पलीकडचा म्हणाला.

मग बायजा एकच वाक्य बोलली. ते ऐकून पलीकडच्या राजानं शेला हलवला, शिपाई बाजूला झाले. पिवळा ठिपका पाण्यातून चालत आला, मोठा होत होत आवडी झाला. वेणी पुरी होईस्तोवर दोन्ही राजे पाण्यात उभे. मग लेकीनं त्या राजाला नेलं, आईनं या राजाला. हद्दीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. वडी दर वर्षी संपते, आणि सगळे सुखात आहेत.

मिटा आता डोळे. बायजा काय म्हणाली तेवढं ऐका, आणि झोपा.

“वाट माझ्या पायांना ठाऊक आहे, राजांनो, पण आधी माझी लेक इथं येईल, मग तुम्ही घरी जाल.”