बाटलीएवढी विहीर

एका गावात एक भोळा जलसुरक्षक होता. नाव सोपाना. पिण्याच्या पाण्यावर नजर ठेवायचं काम त्याच्याकडे. सोपानावर नजर ठेवायचं काम मात्र कुणाकडेच नव्हतं.

गावात जुलाबाची साथ आली. सोपानाची बायको हौसासुद्धा आडवी झाली. आरोग्य केंद्राच्या लोखंडे सिस्टर म्हणाल्या, "सोपाना, विहिरीचं पाणी तपासायला आण."

सोपानाने गाडीभर घागरी आणल्या. "विहीर मोठी हाय सिस्टर. समदी आनायला चार खेपा लागतील."

"अरे, बाटलीभर बास! बाटली म्हणजेच अख्खी विहीर समज. घट्ट बूच लावायचं, बर्फात ठेवून आणायचं."

"ध्यानात ठिवतो," सोपाना म्हणाला. आणि ठेवलं. तीच तर पंचाईत.

पुढे सिस्टरांनी तपासायला डासांच्या अळ्या मागवल्या. सोपानाने त्या बाटलीत भरल्या, घट्ट बूच लावलं, बर्फात ठेवून आणल्या. सगळ्या मेलेल्या.

"अरे, अळ्या जिवंत हव्यात! त्यांना मोकळी हवा लागते. जिवापाड जपायचं त्यांना."

"ध्यानात ठिवतो."

मग कोरडा दिवस आला. म्हणजे घरोघरचे रांजण उपसून अळ्या मारायच्या. सोपानाने रांजण उपसले. अळ्या मात्र जिवापाड जपून नेल्या आणि मोकळ्या हवेत, भरपूर पाण्यात सोडल्या. विहिरीत.

"विहिरीत?" सिस्टर किंचाळल्या. "जा, आधी विहिरीत जंतू मारायची पावडर टाक! मग नमुना दे."

विहीर म्हणजे काय, हे सोपानाला आता पक्कं ठाऊक होतं. त्याने बाटली भरली, चिमूटभर पावडर टाकली, बूच लावलं, बर्फात ठेवून तालुक्याला धाडली.

अहवाल आला: पाणी शुद्ध. कागदच शुद्ध म्हणतोय म्हटल्यावर वरच्यांनी साथ संपल्याचं जाहीर केलं. हौसा अजून तांब्या घेऊन पळत होती, पण तिला कोण विचारतो? गावाला शुद्ध पाण्याचं हिरवं कार्ड मिळालं. ते द्यायला तालुक्याचे साहेब जातीने आले. पावडरीचं पोतं जवळजवळ भरलेलं पाहून त्यांनी काटकसरीबद्दल सोपानाची पाठ थोपटली.

लांबलचक भाषणाने साहेबांचा घसा सुकला. त्यांनी गावचं शुद्ध पाणी मागवलं. निम्मा ग्लास घटाघट प्याले आणि मग त्यात काहीतरी वळवळताना दिसलं. घाबरून त्यांनी ग्लासावर हात दाबला.

"हात काडा सायेब, गुदमरंल ती," सोपाना कळवळला.

"अरे, विहीर शुद्ध केली होतीस ना?"

"केली की! पर ती तालुक्याला हाय, तुमच्याच प्रयोगशाळेत. तुमी प्यालासा त्ये, आमची हौसा पिती त्येच पानी."