व इतर

एकदा एका मास्तरांनी अर्जातले एकच नाव खोडले, आणि अर्ज लिहिणारी बाई त्यांच्यावर भयंकर चिडली. ती बाई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. नाव शैलजा, वय पन्नाशीच्या पुढे, स्वतः शिक्षिका. हे केंजळे मास्तर हवाई दलात बिनतारी संदेश शिकवत असत. निवृत्तीनंतर गावच्या शाळेत आले. आता नव्वदीला टेकले होते, पण हातातला लाल पेन काही सुटला नव्हता.

शैलजाताईंचे वडील सार्जंट गणपत शेडगे युद्धात गेले, तेव्हा त्या चार महिन्यांच्या होत्या. वेढ्यात सापडलेल्या आपल्या चौकीला वरून दारूगोळा पोचवायला एक विमान गेले. दोन फेऱ्या नीट झाल्या, तिसरीत गोळा लागला. विमानातले चौघेही गेले. वैमानिकाला शौर्यपदक मिळाले, आणि ते योग्यच होते. वर्तमानपत्रात मात्र छापून आले, ‘वैमानिक दस्तूर व इतर’. ते कात्रण शैलजाताईंच्या आईने, हौसाबाईंनी, आजवर जपून ठेवले होते. वय चौऱ्याऐंशी. त्यांची एकच इच्छा, नवऱ्याचे नाव एकदा तरी व्यासपीठावरून मोठ्याने घेतलेले ऐकायचे.

वडिलांच्या सन्मानासाठी सरकारकडे केलेले तीन अर्ज ‘मुदत उलटून गेली’ म्हणून परत आले होते. चौथा घेऊन शैलजाताई मास्तरांकडे आल्या. मास्तरांनी चष्मा पुसला, अर्ज दोनदा वाचला. एका वाक्यावर थांबले. ‘या विमानात माझे वडील सार्जंट गणपत शेडगे व इतर होते.’ त्यांनी शांतपणे ‘माझे वडील सार्जंट गणपत शेडगे व’ एवढे शब्द खोडले आणि कागद परत दिला.

उरले होते, ‘या विमानात इतर होते.’

“अहो मास्तर, काय हे!” शैलजाताईंचा आवाज चढला. “पन्नास वर्षं जगानं हेच केलं. आता तुम्हीपण? आईला काय तोंड दाखवू मी?”

“टोचलं ना?”

“टोचणार नाही तर काय!”

“मग बाकीच्या घरांत काय होत असेल, ते तुला कळलं. तुझ्या बापाला ज्या शब्दात ढकललं, त्याच शब्दात तू त्याच्या सोबत्यांना ढकललंस. मुद्दाम नव्हे गं. मला ठाऊक आहे.” मास्तरांनी दम घेतला. “शैला, उड्डाणाआधी वैमानिक एकेकाचं नाव घेतो. जो तो आपल्या जागेवरून ‘हजर’ म्हणतो. एकाचं जरी उत्तर आलं नाही, तरी चाक हलत नाही. हे मी शेकडो पोरांना शिकवलं. त्या यादीत ‘इतर’ नावाचा माणूस कधी बसला नाही. तुझ्या बापाचं उत्तर आलं होतं, म्हणूनच ते विमान उडालं. बाकीच्या तिघांचंही आलं होतं.”

अर्जाची घडी करून शैलजाताईंनी घरी जाऊन आईला मास्तरांचे सगळे बोलणे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्या बाकीच्या तिन्ही घरांच्या शोधाला लागल्या. त्यात दीड वर्ष गेले. नॅव्हिगेटर कुरियन यांचा धाकटा भाऊ कोट्टायमला सापडला. इंजिनीअर हरबन्ससिंग यांची नात जालंधरजवळच्या खेड्यात निघाली. घरात आजोबांचा फोटो होता, पण ते विमानात होते याचा कागद एकही नव्हता. दस्तूर यांच्या मुलीने तर पत्रात लिहिले, “पदक आमच्या घरात आहे, पण ते चौघांचं आहे. सहीला माझं नाव पहिलं घाला.” पाचवा अर्ज चार घरांनी मिळून केला. एका मुलीची विनंती परत धाडणे सोपे होते. चार घरांची साक्ष कुणाला परत धाडता आली नाही.

सन्मानाचा दिवस उजाडला. मास्तरांना प्रवास झेपणारा नव्हता. हौसाबाई मात्र नवी इरकल नेसून पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. अधिकाऱ्याने चारही नावे वाचली. फ्लाइट लेफ्टनंट दस्तूर. फ्लाइंग ऑफिसर कुरियन. सार्जंट हरबन्ससिंग. नावागणिक त्या त्या घरचे माणूस उठून उभे राहत होते. “सार्जंट गणपत शेडगे!” शैलजाताई आधार द्यायला वाकल्या, तर आईने हात झटकला, स्वतः उभ्या राहिल्या आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हजर!” मागाहून बाकीच्या तिन्ही घरांनी तोच शब्द उच्चारला. कुणाला मराठी येत होती, कुणाला नव्हती.

संध्याकाळी शैलजाताईंनी मास्तरांना फोन लावला.

“काय गं, सगळ्यांची उत्तरं आली?”

“आली, मास्तर. चारही आली.”

मास्तर म्हणाले, “चला, आता विमान सोडायला हरकत नाही.”